मिरजेचा दवाखाना : एका घरातले दोन पेशंट

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगते.

गेली अडीच वर्षं आम्ही इचलकरंजीहून मिरजेला या मानसोपचाराच्या दवाखान्यात जातोय. आधी फक्त धाकट्या दिरांसाठी, गेल्या वर्षापासून मुलासाठीही. भाऊजी ४८ वर्षांचे, मुलगा १६ चा. दोघांच्या फायलीवर आजाराचं नाव एकच, बायपोलर : मन काही काळ भलतंच चढतं, काही काळ पार खचतं, तो आजार.

भाऊजींचा आजार अख्ख्या गल्लीला पाठ आहे. २६ व्या वर्षी पाच रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि सहाव्या दिवशी उसने पैसे काढून चार जुने माग टेम्पोत घालून घेऊन आले. ठेवायला शेड नव्हती. वर भेटेल त्याला फेटा बांधत सुटले. पुढं चार महिने अंथरूण सोडलं नाही. मधल्या काळात मात्र माणूस ठणठणीत. दुकानाचा हिशेब पैशापर्यंत चोख. चढ कुठं संपला आणि उतार कुठं लागला हे तिऱ्हाईतालाही कळावं, असा तो आजार.

मुलाचं तसं नव्हतं. नववीत आधी उदासीच आली. शाळा बंद, १४-१४ तास झोप. गावातल्या एका डॉक्टरांनी घरात कुणाला काही आहे का हे न विचारताच उदासीवरची गोळी सुरू केली. दोन आठवड्यांत पोरगं रात्री तीनला गच्चीवर, तोंड बंद होईना, आणि चिडका असा की सकाळी रडायचा, दुपारी ताट भिरकावायचा, संध्याकाळी एकटाच हसत बसायचा. भाऊजींसारखा आनंदाचा चढ मला त्यात कुठं दिसलाच नाही, म्हणून मी शेजारणींचंच ऐकत राहिले : वय आहे, होईल कमी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझ्यातलीच अर्धी गोळी द्या की त्याला. मिरजेला दोघादोघांचं तिकीट कशाला?"

खोटं कशाला सांगू, अर्धी गोळी मोडून वाटीत ठेवली होती मी.

चार स्टार आहेत ते या दवाखान्यानं माझ्या मुलाला छोटा भाऊजी समजलं नाही म्हणून. इथल्या डॉक्टर मॅडमनी आधीची गोळी बंद केली, पण पहिल्या दिवशी आजाराचं नाव घेतलं नाही. तीन भेटी गेल्या. मुलगा एकटा आत वीस मिनिटं, मग मी एकटी, मग दोघं. भाऊजींना कधी कुणी असं एकटं-दुकटं बसवलं नव्हतं. ते स्वतःच जातात, स्वतःच सांगतात. मुलाच्या वर्गशिक्षिकांकडून चार ओळी लिहून आणायला लावल्या. आणि खोदून विचारलं ते झोपेबद्दल : झोप कमी झाली तेव्हा हा दमलेला होता की ताजातवाना? चिडचिड बारमाही, की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत?

त्यांनी समजावलं ते असं. मॅनिया म्हणायला चढ निदान सात दिवस टिकावा लागतो, सौम्य चढाला चार. पोरवयात हा चढ आनंदापेक्षा चिडचिडीतूनच जास्त दिसतो, उदासी आणि चढ एकमेकांत मिसळून येतात, म्हणून पटकन ओळखू येत नाही. उलट, बारा महिने चिडणाऱ्या मुलांनाही अमेरिकेत सर्रास बायपोलर ठरवलं जायला लागलं, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या निदानाच्या पुस्तकात त्या चिडचिडीला वेगळं नाव द्यावं लागलं. आमच्याकडं तारखा मोजता येत होत्या, आणि घरात काका होता.

औषधंही वेगळी. भाऊजींचं लिथियम; त्याला रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी हे बघत राहावं लागतं. एकदा ते सकाळची गोळी घेऊनच रक्त द्यायला गेले आणि रिपोर्ट चढा आला. मॅडमनी डोस कमी करण्याआधी विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली?" हे रक्त गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. पुन्हा तपासलं, पातळी बरोबर होती. मुलाला दुसऱ्या जातीची गोळी आहे. त्यानं भूक वाढते. सहा महिन्यांत सहा किलो वाढला. म्हणून त्याचं वजन, कंबर आणि साखर बघतात. दोघांनाही सक्त ताकीद एकच : बरं वाटतंय म्हणून मनानं गोळी सोडायची नाही.

आता कापलेला स्टार. बसायची खोली एकच, आणि कंपाउंडर दारातून पूर्ण नाव घेऊन ओरडतो. भाऊजींना त्याचं काही नाही, तेच उलट "आलो रं" म्हणून ओरडतात. पण दहावीच्या पोराला समोर शाळेतल्या मित्राची आई बसलेली दिसली, की तो पुढच्या वेळी यायलाच तयार होत नाही. आमची एक अपॉइंटमेंट अशीच बुडाली. दोनदा सांगितलं, "बघतो ताई" म्हणतात. नंबराची चिठ्ठी द्यायला कितीसा खर्च येतो? शिवाय सगळ्या वेळा सकाळच्या, म्हणजे दर वेळी शाळा बुडवायची.

जाणाऱ्यांसाठी : पोराला नेणार असाल तर गेल्या सहा महिन्यांची झोप तारखेनिशी लिहून न्या, नातेवाइकांपैकी कुणाला काय होतं तेही न लाजता लिहा. आमच्याकडं आता फ्रीजवर झोपेचे दोन कागद लावलेत. पोरगं स्वतःचा भरायचा कंटाळा करतं, पण काकानं रात्री साडेबाराला दिवा लावला की ते मात्र लाल पेनानं लिहून ठेवतं.