.३१५ बोअर रायफल : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर रायफल हातात आली, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता परत भाताची सुगी तोंडावर आलीय. ओळखीतले दोघंतिघं .३१५ घ्यायच्या विचारात आहेत आणि फोनवर तेच तेच विचारायलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पहिलंच सांगतो, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात राहणाऱ्यानं लाकडी दस्त्याच्या रायफलीबद्दल पावसाळा काढल्याशिवाय मत बनवू नये, मार्चमधली रायफल आणि ऑगस्टमधली रायफल एक नसते.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हिला हंटिंग रायफल म्हणतात, त्याच कामासाठी बनली, खरं शिकारीसाठी मी ती घेतलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे ती बंदच आहे. गवा शेड्यूल १ मधे (शेड्यूल म्हणजे कायद्यातली संरक्षित प्राण्यांची यादी), आणि रानडुक्कर पूर्वी ३ मधे होतं ते २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर २ मधे आलं, म्हणजे आपल्याच रताळ्याच्या वाफ्यात डुक्कर उभं असलं तरी लेखी परवानगी नसताना गोळी घालणं हा गुन्हाच. नुकसान आम्हालाही होतं, ऊस लोळवून जातात, पोटरीतलं भात तुडवतात, एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते, राग येतो. तरी कायदा तो कायदा. मला कॉलेजात एनसीसीत .२२ मारल्यापासून रायफलीची ओढ, घरात वडिलांच्या वेळची १२ बोअर, म्हणजे छऱ्याची बंदूक आहे, आणि २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, तर ती दुसरी जागा मी .३१५ ला दिली. वापर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानात, कागदी निशाणावर.

लायसन्सचं थोडक्यात. अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला, पोलीस चौकशी, जमिनीचे उतारे, डॉक्टरचा दाखला, हे सगळीकडे आहेच. खरं आमच्याकडे एक जादा अडचण आहे जी बेळगाव शहरातल्या माणसाला कळत नाही. भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालं, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवीन हत्यार लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव वॉर्डनची संमती लागते, आणि आधीपासून लायसन्स असलेल्यांनीही तिथं नोंद करायची असते. जांबोटी, हेम्माडगा, आमगाव या पट्ट्यातल्या लोकांनी हे डोक्यात ठेवूनच फाइल टाकावी, नाहीतर फाइल कुठं अडली तेच समजत नाही. माझी भरपूर फिरली. दुसरं म्हणजे लायसन्सवर एरिया बघून घ्या. कर्नाटकापुरतं असेल तर पलीकडे चंदगडला पाहुण्यांच्या गावी रायफल घेऊन जाता येत नाही, आपल्याला ते चार मैल वाटतात खरं कायद्याला ते दुसरं राज्य आहे. आणि अभयारण्यात हत्यार घेऊन पाऊलसुद्धा टाकायचं नाही, गाडीत पडलंय म्हणून चालत नाही.

आता रायफल. .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर, काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, ८×५० आर मानलिखर, १८९० च्या सुमाराचं. इंग्रजांनी .३०३ सारखी लष्करी बोअर हिंदुस्थानात साध्या माणसाच्या हाती पडू दिली नाही, म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदूक कंपनीनं सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट-बॉडीच्या यंत्रणेवर, .३१५ बांधून इथं विकली, आणि स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तोच नमुना चालू राहिला. .३०३ आजही प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसन्सवर मिळत नाही, .३१५ नाही, आणि म्हणूनच ही रायफल खेड्यापाड्यात एवढी दिसते. गोळी जड, २४४ ग्रेन म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम, सॉफ्ट नोज म्हणजे मऊ टोकाची, वेग मध्यम. .३०-०६ या जास्त वेगाच्या बोअरची रायफल वापरणारे हिला म्हातारी म्हणतात. वेगात .३०-०६ पुढं आहे हे मान्य, १०० यार्डांपर्यंत मला तरी त्याची गरज पडली नाही.

माझी सेकंडहँड आहे, एका वयस्कर गृहस्थांनी डीलरमार्फत दिली. घेताना शेजारचे सुभेदार मामा सोबत होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, हत्यार हातात घेतलं की पहिलं ते चेंबर (काडतूस बसतं ती जागा) उघडून बघतात आणि मगच बोलतात. त्यांनी बघितलेल्या गोष्टी कुणीही बघाव्यात अशा आहेत. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का, कारण ली-एनफिल्डचा बोल्ट त्या त्या बॉडीला बसवलेला असतो आणि बोल्टचं डोकं वेगळं स्क्रूनं लागतं, दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसला तरी हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागे बोल्टनं सोडलेली जागा, बरोबर असेलच असं नाही. मग नळी पांढऱ्या कागदाच्या उजेडात दोन्ही बाजूंनी, आटे धारदार आहेत की झिजलेत. मग तोंडाचा काठ, तिथं एखादी ठेच असली तर गोळी बाहेर पडतानाच तिरकी होते. नंबर जुळले, नळी चांगली निघाली, फक्त पुढचं साइट (नेम धरायची माशी) उजवीकडे सरकवलेलं होतं, आधीच्या मालकांच्या नजरेला तसं लागत असेल.

बोल्टबद्दल थोडं जास्त लिहितो कारण ओळख तिथूनच झाली. हँडल अगदी थोडं उचलायचं, ६० अंश, आणि मागे. पुढे ढकलताना शेवटच्या इंचभर अंतरात जोर लागतो, कारण ही रायफल बोल्ट बंद करताना कॉक होते, म्हणजे आतली स्प्रिंग तेव्हा ताणली जाते, माउझर जातीची उघडताना होते. नवीन माणूस तिथं बिचकतो, हळू ढकलतो आणि बोल्ट अर्ध्यातच थांबतो. मामांनी सांगितलं, तळहातानं न थांबता एका दमात पुढे आणि खाली. घरी रिकाम्या रायफलीवर डमी (खोटी काडतुसं) घालून हेच करत बसलो, आणि एक दिवस हात आपोआप जायला लागला. आता गाल दस्त्यावरून न उचलता बोल्ट मारता येतो.

मॅगझिनमधे पाच बसतात, खरं काडतूस रिमचं आहे, बुडाला कडा आहे. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे आली पाहिजे. मागे राहिली तर ती खालच्या कडेत अडकते आणि बोल्ट पुढे जातच नाही. प्रत्येक काडतूस थोडं पुढे ठेवून दाबायचं आणि मग मागे सरकवायचं, बोटाला ती कडा कडेवर चढलेली कळते. दोन-तीनदा लक्ष देऊन भरलं की सवय होते. जॅमची तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं हेच असणार असं माझं मत आहे.

ट्रिगर दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा मोकळा, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर थांबून श्वास अर्धा सोडून दाबायचं. स्पोर्टिंग ट्रिगरच्या सवयीच्या माणसाला जड वाटेल, मला आवडलाय, भिंत कुठं आहे ते बोटाला पक्कं माहीत झालं की गोळी कधी सुटणार हे हातात राहतं. पुढचं साइट आम्ही रेंजवर हळूहळू ठोकून जागेवर आणलं. नियम लक्षात ठेवा, गोळ्या उजवीकडे पडत असतील तर पुढचं साइट उजवीकडेच सरकवायचं, मागचं असेल तर उलट. एप्रिल संपेपर्यंत १०० यार्डांवर सँडबॅगवरून पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पसारा, साडेतीन-चार इंचात यायला लागला, उघड्या साइटला माझ्या डोळ्यांनी ते भरपूर झालं.

मग जून लागला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, कणकुंबी-आमगावकडे तर महिनामहिना ऊन दिसत नाही, भिंतींना ओल, कपाटात ठेवलेल्या चपलेवर बुरशी. ऑगस्टमधे उघडीप बघून रेंजवर गेलो तर ग्रुप तेवढाच आला खरं सगळाच्या सगळा पाच-सहा इंच वर आणि जरा डावीकडे. काडतुसं त्याच लॉटमधली, सँडबॅग तीच. मामांनी स्वतः मारून बघितलं, त्यांचाही तिथंच पडला. तिथं साइटला हात लावायचा मोह होतो, मामा म्हणाले "साइटला हात लावू नकोस, साइट कुठं गेलेलं नाही, लाकूड गेलंय."

आणि तसंच निघालं. ली-एनफिल्ड घराण्यात नळीखालचं पुढचं लाकूड नळीला ठराविक जागी टेकतं, आणि ते किती दाबतं यावर गोळी कुठं जाणार ते ठरतं. लाकडानं पाणी पिलं, फुगलं, नळीला खालून जास्त रेटायला लागलं, गोळी वर. आधी ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू ढिला आहे का बघितला, नव्हता. मग लायसन्सवाल्या उस्तादाकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यांनी पुढचं लाकूड उतरवून नळीच्या पोटाला निळी शाई लावली, परत बसवून परत उतरवली, आणि लाकडाच्या खाचेत एका कडेला एक लांब निळा पट्टा उमटला होता जिथं शाई लागायलाच नको होती. तिथं त्यांनी अगदी पातळ पातळ खरवडलं, परत शाई, परत खरवड. बघत बसण्यासारखं काम आहे. शेवटी आतल्या कच्च्या लाकडाला जवसाचं तेल मुरवलं, कारण बाहेरून पॉलिश असतं आणि आतून लाकूड उघडंच, ओल तिथूनच शिरते. आठ-दहा दिवस वाळवून परत बसवली. सप्टेंबरमधे ग्रुप परत जुन्या जागी, फारतर इंचभर वर. घरी चाकूनं खरवडायला जाऊ नका, काढलेलं लाकूड परत चिकटत नाही.

या सगळ्यात मला रायफलीबद्दल जे कळलं ते कुठल्या माहितीपत्रकात मिळालं नसतं. दुसरी गोष्ट पहिल्या गोळीची. थंड नळीची पहिली गोळी बाकीच्या चारपासून वेगळी पडते का हे लिहून ठेवायला लागलो, प्रत्येक वेळी वहीत हवा, ओल, पहिली गोळी कुठं. नळीत तेल राहिलं असेल तर पहिली दोन इंच इकडे तिकडे जाते. कोरडी चिंदी ओढून मारली तर ग्रुपमधेच. म्हणून रेंजवर पोचल्यावर पहिलं काम कोरडी चिंदी. ही रायफल मुळात पहिल्या गोळीसाठीच बांधलेली आहे, आणि ती पहिली कुठं जाते हे माहीत नसेल तर नंतरच्या चारचा ग्रुप दाखवून काय उपयोग.

साफसफाई पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदीनं, ओढायची चेंबरकडून तोंडाकडे, उलट नाही. काडतुसाच्या बुडाच्या जुन्या प्रकारच्या प्राइमरमधून (ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून) नळीत मीठ उतरतं आणि ते तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं, म्हणून मारून आल्यावर त्याच दिवशी कडकडीत पाणी, मग पूर्ण कोरडी, मग तेल. आमच्या हवेत दुसऱ्या दिवसावर टाकलं तर तांबूस डाग दिसलाच म्हणून समजा. आणि कापडी किंवा चामडी कव्हरमधे पावसाळ्यात ठेवू नका, कव्हर ओल धरून ठेवतं. माझी लोखंडी कपाटात उघडी उभी असते, खाली सिलिका जेल, बोल्ट वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलुपात. निवडणूक लागली आणि जमा करायचा आदेश आला तर ठाण्यात देताना नळीला जाड तेल लावून द्या आणि पावतीवर नंबर आपल्या डोळ्यांनी वाचून घ्या, २०२४ च्या लोकसभेला ७ मे चं मतदान होऊन गेल्यावरच आमची १२ बोअर परत आली होती.

धक्का किती बसतो हे सगळे विचारतात. बसतो, बटप्लेट (दस्त्याच्या मागची पट्टी) कडक आहे, खांद्याच्या खळगीत घट्ट धरली तर त्रास नाही, सैल धरली तर निळं होतं. बसून बेंचवर मारताना जास्त जाणवतो, उभ्यानं कमी. मी एका वेळी फार मारत नाही, तसंही काडतुसाचा भाव बघता फार मारणं परवडत नाही.

राखणीला मात्र ही रायफल नेऊ नका, हे कळकळीनं सांगतोय. रात्री माळ्यावर बसून अंधारात आवाजाच्या दिशेनं बार काढायचं हे हत्यार नाही. छऱ्याचा बार थोड्या अंतरावर पडून जातो, रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, आणि आमच्याकडे सुगीच्या दिवसात प्रत्येक शिवारात खोपीत कुणी ना कुणी झोपलेलं असतं, म्हातारी माणसं, लहान पोरं. मागे माती किंवा टेकाड दिसत नसेल तर बोट ट्रिगरवर जाताच कामा नये. डुकरांसाठी सोलर कुंपण, बॅटऱ्या, फटाके, हेच. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांनाही तेच, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गोळी खाली कुणाच्या तरी अंगणातच पडते.

मग घ्यावी का? ज्याला मशीन समजून घ्यायची आवड आहे, जवळपास रेंज आहे, आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा कपाट उघडून लाकडावर हात फिरवायची तयारी आहे, त्यानं घ्यावी. कपाटात ठेवून शेजाऱ्याला दाखवायची असेल तर घेऊ नये. स्कोपचं विचाराल तर या ॲक्शनवर माउंट बसवायला सहसा बॉडीत भोकं पाडावी लागतात, मी पाडणार नाही, उघड्या साइटनंच १०० यार्ड मला पुरतात. सुगी आटोपली की उस्तादाकडे परत शाई लावून बघायची आहे, लाकूड कोरड्या हवेत आकसलं की पट्टा कुठं उमटतो ते. त्यानंतर हिवाळाभर साइटला हात लावणार नाही.