टिमोथी गवत, दुसरी कापणी, १ किलो: सशांसाठी

रंग हिरवट, वास गोडसर, बुरशीचा मागमूस नाही. माल चांगला आहे. तरी मोठ्या सशाला फक्त दुसऱ्या कापणीवर ठेवू नका.

टिमोथी हे थंड हवेचं गवत. मुळं उथळ, त्यामुळे आपल्या मैदानी उन्हाळ्यात ते तग धरत नाही. पाकिटातला माल बहुतेक बाहेरून येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला एलेन्सबर्गचा परिसर या गवतासाठी नावाजलेला आहे. पहिली कापणी तुरे पोटरीतून (पानांच्या गुंडाळीतून) निघता निघता करतात, म्हणून त्यात काडी आणि तुरे भरपूर. दुसरी कापणी फुटव्यांची: पानं जास्त, काडी मऊ, तुरा क्वचित. ससे पानावर आधी तुटून पडतात, आणि अडचण तिथेच आहे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. दाढा झिजतात त्या लांब, चरबरीत काडी आडवी चावून. दाढेला टोक आलं की जीभ, गाल कापला जातो आणि ससा खाणंच सोडतो. म्हणून निम्मी पहिली, निम्मी दुसरी कापणी मिसळून द्यावी. आजारातून उठलेल्या किंवा गवताला तोंड न लावणाऱ्या सशाला मात्र सुरुवातीला नुसती दुसरी कापणीच बरी.

लसूणघास (अल्फाल्फा) स्वस्त आणि ताजा मिळतो, पण त्यात कॅल्शियम टिमोथीच्या सुमारे तिप्पट. ससा जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. ते मूत्राशयात गाळासारखं साचतं, खडेही होतात. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला लसूणघास चालतो, पुढे टिमोथी किंवा स्वच्छ जागची वाळवलेली हराळी.

२ किलोच्या सशाला रोज ६० ते ८० ग्रॅम लागतं. सांडलवंड धरली तर पाकीट जेमतेम १२ दिवस पुरतं. तळाचा भुसा चाळून काढा, तो नाकात जातो.

पाकीट फोडल्यावर मधला दाबलेला गोळा मोकळा करून वास घ्या. गासडी बांधताना ओल २० टक्क्यांहून जास्त राहिली असेल तर गवत आतून तापतं आणि बुरशी धरते. कुबट वास किंवा पांढरी भुकटी दिसली तर सगळं टाकून द्या. उन्हात वाळवलं तरी बुरशीचं विष जात नाही. नुसता पिवळटपणा असेल तर घाबरू नका, तो उन्हाने उडालेला रंग. पावसाळ्यात लहान पाकिटं घ्या, कापडी पिशवीत भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा.

शेळी किंवा दुभत्या गाईसाठी हे घेऊ नका. प्रथिनं लसूणघासाच्या निम्मीच, आणि त्याच पैशात कडबा आणि लसूणघास दोन्ही येतात.