आम्ल म्हणून चुनखडी चारली: पिल्लांच्या पावडरीत मी कसा फसलो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना रस्त्याच्या आत आमचं डुकरांचं शेड आहे. यॉर्कशायरच्या बारा माद्या. माल चोर्ला घाटातून गोव्याला जातो, त्यामुळे आमचा वर्षाचा हिशोब नाताळपाशी येऊन थांबतो. नाताळाला विकायची म्हणून एप्रिलात चार माद्यांची 38 पिल्लं धरली होती. त्यातली अकरा गेली. उरलेल्यांतली निम्मी अशी खुरटली की व्यापारी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

दूध तोडल्यानंतरचे दहा-बारा दिवस किती घोर लावतात ते डुकरं पाळणाऱ्याला सांगायला नको. कालपर्यंत आईला लुचणारं पिल्लू आज कोरडा भरडा चघळत बसतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेपटीखाली पिवळं दिसलं की आपला जीव खाली-वर. त्याच दिवसांत पावडर विकणारा हा गडी मोटारसायकलला पोतं बांधून आला. एमएचची पाटी, जिभेवर साखर. ‘काका, हे औषध न्हवं. फॉर्मिक आम्ल, सायट्रिक आम्ल, वर प्रोबायोटिक. पिल्लाचं पोट लोखंडाचं होतं.’ जाता जाता म्हणाला, आफ्रिकन स्वाइन फीवरसुद्धा शिवत नाही. ज्या रोगावर औषधच नाही तो हा पावडरीने थोपवतो म्हणाला, आणि मी त्याला चहा पाजला.

नमुन्याची पाच किलो पावडर त्याने फुकट दिली. दोन दिवसांत हगवण बंद, लेंड्या घट्ट. मी खूश. लगेच 25 किलोची चार पोती सांगितली, 18,400 रुपये मोबाइलवरून पाठवले. पैसे गेले ते कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर ना जीएसटी नंबर, ना पत्ता.

पोती आली आणि आठवड्याभरात हगवण परत सुरू झाली. फोन केला तर म्हणाला, ‘प्रमाण वाढवा, क्विंटलला दोनाचे पाच किलो करा.’ मी केले. पिल्लं खाणं सोडून एकावर एक पडून राहायला लागली. ‘गरम खाण्यात कालवा, लवकर लागू पडतं,’ हा त्याचा पुढचा सल्ला. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. उकळत्या दुधात विरजण घालणाऱ्याला आपण काय म्हणू? पण तेव्हा डोकं चालत नव्हतं.

सहावं पिल्लू गेल्यावर जनावरांचे डॉक्टर आले. पोतं बघितलं, चिमूटभर पावडर बोटावर घासली आणि बायकोला म्हणाले, ‘वहिनी, लिंबू आहे का घरात?’ ती सरबताच्या तयारीला लागली. त्यांनी स्टीलच्या ताटलीत चमचाभर पावडर टाकून वर लिंबू पिळलं. सोड्यावर पिळावं तशी पावडर फसफसून वर आली. आम्ही दोघं बघतच राहिलो. ‘ही चुनखडीची भुकटी आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘भर म्हणून थोडी चुनखडी चांगल्या मालातही असते. पण ज्याला तुम्ही आम्ल म्हणून पैसे मोजलेत ते लिंबाला असं उकळून येणार नाही.’

मग त्यांनी सांगितलं ते मला आधी कळायला हवं होतं. पिल्लू दूध पितं तोवर दुधातल्या साखरेचं पोटात लॅक्टिक आम्ल होतं आणि वाईट जंतू आवरलेले राहतात. दूध तुटलं की तो आधार जातो, आणि पिल्लाचं स्वतःचं आम्ल अजून पुरेसं सुटत नसतं. सोयापेंड अर्धीमुर्धी पचून खाली उतरते, ई. कोलाय या हगवणीच्या जंतूला आयतं जेवण मिळतं. म्हणून खाण्यात आम्ल घालतात. चुनखडी नेमकी उलटी, पोटात आहे तेवढंही आम्ल पिऊन टाकते. मी प्रमाण वाढवत गेलो आणि आगीत तेल ओतत गेलो.

मग नमुना का लागू पडला? डॉक्टरांचा अंदाज असा की त्यात झिंक ऑक्साइड ठासून भरलं असावं किंवा एखादं अँटिबायोटिक. जास्त झिंकने हगवण थांबते खरी, पण ते शेणातून जमिनीत उतरतं, म्हणून युरोपात 2022 पासून औषधी प्रमाणात ते खाण्यात घालणं बंद आहे. आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर आपल्या सरकारनेच 2019 मध्ये जनावरांसाठी बंद केलंय. नमुन्यात यांतलं काय होतं ते आता कळायला मार्ग नाही, एक चिमूट शिल्लक नाही. आता मी येईल त्या पोत्यातली मूठभर पावडर तारीख घालून बरणीत ठेवतो.

पोत्यावर छापलेलं नीट वाचलं असतं तरी वाचलो असतो. खऱ्या मालावर कोणतं आम्ल किती टक्के ते असतं, प्रोबायोटिक असेल तर जंतूचं नाव आणि ग्रॅममागे किती जिवंत ते असतं. माझ्या पोत्यावर होतं, ‘सर्व घटक योग्य प्रमाणात.’ बॅच नंबरच्या जागी चिकटपट्टी, तिच्याखाली दुसरीच तारीख.

तक्रारीचं म्हणाल तर सीमेवरच्या माणसाचं नेहमीचंच. इकडे म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, माल कर्नाटकात घेतलास, इकडे कशाला आलास? शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला. एका वकिलांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून समोरचा अडवेल, पण पोट भरायला स्वतः राबून करतो त्या धंद्याला ती आडकाठी नाही. तक्रार केलीय. एक पोतं शिवण न उसवता माळ्यावर ठेवलंय. गडी मात्र फोन उचलत नाही.

परवा चिकोडीकडच्या पाहुण्यांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला, ‘घेऊ का?’ म्हणून. तेच पोतं, तसंच छापील अक्षर, नाव तेवढं नवीन. वर डुकराच्या जागी शेळीचं चित्र.