डाईंगच्या सांडपाण्यासाठी कायटोसानचे मणी
टॉवेलचे सूत रंगवणाऱ्या सोलापुरातील आमच्या छोट्या डाईंगसाठी आम्ही सांडपाण्यातील रंग धरून ठेवणारे, कोळंबीच्या टरफलांपासून बनवलेल्या कायटोसान या पदार्थाचे मणी घेतले. साधे कायटोसान सौम्य आम्लात विरघळते. या मण्यांतील कायटोसान रेणूंच्या साखळ्या ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने एकमेकींशी जोडलेल्या असल्याने ते तिथेही टिकतात, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. आम्ही वापरतो त्या रिॲक्टिव्ह रंगांचे (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगांचे) रेणू ऋणभारित असतात. पाणी आम्लधर्मी केले की कायटोसानमधील अमिनो गट धनभारित होऊन त्यांना धरून ठेवतात. मात्र रंगवताना घातलेल्या सोड्यामुळे आमच्या पाण्याचा सामू (pH) १० च्या पुढे असतो, त्यामुळे आधी आम्ल घालावे लागते, आणि हा खर्च विक्रेत्याने सुरुवातीलाच सांगायला हवा होता. धुलाईचे लाल, निळे पाणी उत्तम निवळले, म्हणून त्यासाठी मी हे मणी निःसंकोच सुचवीन. सूत रंगवून झाल्यावर उरणाऱ्या, मिठाने भरलेल्या पहिल्या बाथवर (रंगाच्या पाण्यावर) परिणाम कमी दिसला, कारण मिठाचे आयन त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. शिवाय मीठ पाण्यात तसेच राहते. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुतल्यावर मणी पुन्हा वापरता येतात, पण त्यातून निघणारे गडद द्रावण नाल्यात न सोडता बाष्पीभवनाने आटवावे लागते. ती सोय नसेल तर खरेदी पुढे ढकलावी.