श्रावण ते संक्रांत : आकाशवाणीच्या सणासुदीच्या कार्यक्रमांचा सहा महिन्यांचा अनुभव

राजापूर तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमचे घर आहे. मागच्या आषाढात मी तीन बँडचा एक साधा, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घेतला आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारपासून संक्रांतीपर्यंत आकाशवाणीचे सणांनिमित्तचे खास कार्यक्रम नेमाने ऐकले. सासूबाईंची दृष्टी अधू झाल्यामुळे दूरदर्शन संच त्यांच्या उपयोगाचा राहिलेला नव्हता, हे रेडिओ घेण्याचे पहिले कारण होते. आता मात्र तो घरातल्या सगळ्यांचाच झाला आहे. माझे मत आधीच सांगते : कार्यक्रम मनापासून केलेले असतात आणि सणाच्या घरात ते जेवढे उपयोगी पडतात तेवढे दुसरे काही पडत नाही, पण कोणता कार्यक्रम किती वाजता लागणार हे श्रोत्याला आधी कळण्याची सोय फार अपुरी आहे.

प्रथम ऐकू येण्याविषयी. आमचे घर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पोटाशी खोलगट जागेत असल्यामुळे एफएमचा आवाज ओसरीवर येतो आणि माजघरात तुटतो, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. मीडियम वेव्हवर मात्र रत्नागिरी केंद्र 1143 किलोहर्ट्झवर दिवसभर स्वच्छ लागते आणि पणजी केंद्र 1287 किलोहर्ट्झवर, कारण मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून जाताना त्यांचा जोर जांभ्या दगडाच्या मानाने फारच कमी घटतो. संचाच्या आत या लहरी पकडणारी फेराइटची आडवी कांडी असते. ती केंद्राच्या दिशेला आडवी राहिली की आवाज भरतो, आणि तिचे टोक केंद्राकडे झाले की तोच आवाज बसतो. रत्नागिरी आमच्या उत्तरेला आणि पणजी दक्षिणेला, त्यामुळे संच पूर्व-पश्चिम लांबीने ठेवला की एकाच जागेवरून दोन्ही केंद्रे उत्तम लागतात. ही गोष्ट समजायला मला पंधरा दिवस लागले. तोवर मी संच देवळीत उभा ठेवत होते आणि दोष केंद्राला देत होते.

या कार्यक्रमांचा खरा कस लागला तो गणपतीत. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसह त्या दिवसांत आम्ही घरात अठरा माणसे होतो. चतुर्थीच्या सकाळी मी आणि दोन्ही जावा उकड मळायला बसलो होतो, हात कोपरापर्यंत पिठाने आणि तेलाने माखलेले, आणि संच माजघराच्या खुंटीला टांगलेला. पुतण्या म्हणाला, “काकी, मोबाईलवर लाव ना, न्यूज ऑन एअरवर सगळी स्टेशनं मिळतात.” ते खरेच आहे, देशभरातली आकाशवाणी केंद्रे त्या ॲपवर ऐकता येतात आणि शहरात राहणाऱ्यांसाठी ती चांगली सोय आहे. त्याने लावून दाखवले तेव्हा मोबाईलवरचा आवाज संचाच्या बराच मागून येत होता, आणि वाडीतल्या प्रत्येक घरात पाहुणे भरल्यामुळे टॉवरवर एवढा ताण होता की पहिली आरती संपण्याआधीच आवाज अडकला. थोड्या वेळाने पावसाची मोठी सर आली आणि वीज गेली. त्याबरोबर संचातली बारीक घूंऽ अशी घरघर एकदम थांबली, कारण ती शेजारच्या खोलीतल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची होती. अंधारलेल्या माजघरात मृदंगाची थाप इतकी स्वच्छ आली की धाकट्या जावेने मोदकाची कळी घडवता घडवता हात थांबवला. कार्यक्रम जवळच्याच तालुक्यातल्या भजनी मंडळाचा होता. सासूबाईंनी दोन ओळींत ओळखले, “हा बुवा पलीकडच्या वाडीतला. याच्या वडिलांचा आवाज असाच होता.” गणेशोत्सवात आरत्या आणि भक्तिगीते कुठेही ऐकायला मिळतात. आपल्याच खाडीकाठचा गळा, त्याच्या हेलासकट, सकाळच्या वेळी घरात ऐकू येणे हे मात्र स्थानिक केंद्राशिवाय कोणी करत नाही, आणि माझ्या मते या कार्यक्रमांचे मोठेपण तिथेच आहे. जाखडी या कोकणातल्या लोकनृत्याचा एक अर्ध्या तासाचा कार्यक्रमही त्याच आठवड्यात ऐकला. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब केवळ कानांनी ऐकताना नाचाकडे लक्ष जात नाही आणि शब्दांची रचना अधिक कळते, हे मला प्रथमच जाणवले.

नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात कोळीगीतांच्या मध्येच समुद्राच्या स्थितीचा इशारा दिला गेला. किनाऱ्यावरच्या घरात असा व्यत्यय कोणालाही खटकत नाही. नवरात्रातले कार्यक्रम ठीक होते, पण त्यांत त्याच त्या ध्वनिमुद्रिका फार वेळा वाजल्या.

दिवाळीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. माझ्या माहेरी नरकचतुर्दशीच्या पहाटे रेडिओवर नरकासुराच्या वधाचे कीर्तन लागे, आणि ते चालू असतानाच अभ्यंगस्नाने होऊन तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले जाई. यंदा मुलांना ते ऐकवायचे मी ठरवले होते. एका केंद्रावर आदल्या रात्री ‘उद्या पहाटे विशेष कार्यक्रम’ एवढीच उद्घोषणा झाली, वेळ सांगितली गेली नाही. मी अंदाजाने सव्वापाचला संच लावला तर पूर्वरंग केव्हाच संपला होता आणि आख्यानही अर्धे झाले होते. नंतर त्या कार्यालयात दोनदा दूरध्वनी केला. पहिल्यांदा वेळापत्रक फलकावर लावलेले असते असे उत्तर मिळाले, आणि दुसऱ्यांदा कार्यक्रम पुन्हा लागणार की नाही हे कोणालाच सांगता आले नाही. मला याचे मनापासून वाईट वाटले, कारण एवढ्या मेहनतीने केलेले कीर्तन ज्यांच्यासाठी केले त्यांच्यापर्यंत केवळ वेळ न कळल्यामुळे पोहोचत नाही.

सणाच्या कार्यक्रमाचा अर्धा प्राण त्याच्या ठरलेल्या वेळेत असतो. बंगालमध्ये महालयेच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, पहाटे चार वाजता कोलकाता केंद्रावरून वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातले चंडीपाठाचे प्रसारण 1930 च्या दशकापासून चालत आले आहे, आणि ते ऐकण्यासाठी घरेच्या घरे गजर लावून उठतात. आपल्याकडे पुणे केंद्राने 1 एप्रिल 1955 या रामनवमीच्या दिवशी गीतरामायण सुरू केले आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात 56 गीते दिली. पुढचे गीत कधी हे श्रोत्यांना ठाऊक असे, म्हणून माणसे त्या वेळेला हातातले काम ठेवून रेडिओपाशी बसत. आकाशवाणी स्वतः 1935 पासून ‘द इंडियन लिसनर’ हे कार्यक्रमांचे वेळापत्रक देणारे नियतकालिक काढत असे आणि 1958 मध्ये त्याचे नाव ‘आकाशवाणी’ झाले. त्या काळी जे छापून दिले जात होते ते आज सणाच्या आठवडाभर आधी, रोज सकाळच्या बातम्यांनंतर दोन मिनिटे वाचून दाखवले तरी माझ्यासारख्या श्रोत्याचे काम भागेल.

मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री ऐकण्यासाठी सर्वांत चांगल्या. सूर्य मावळला की वातावरणातला मीडियम वेव्ह शोषून घेणारा थर विरतो, त्याच्याही वरचा थर लहरी खाली परतवतो, आणि लांबची केंद्रे लागू लागतात. 1954 साली सुरू झालेल्या आकाशवाणी संगीत संमेलनाच्या मैफली मी याच दिवसांत रात्री ऐकल्या. रसिकांसमोर ध्वनिमुद्रित केलेली मैफल असल्यामुळे समेवर येणारी दादही ऐकू येते आणि अंगणात काळोख असताना ती फार जवळची वाटते. दूरचे एखादे केंद्र मध्येच डोकावते, पण संच जरासा फिरवला की बहुतेक वेळा मागे हटते. नाताळात पणजी केंद्रावरची कोंकणी गाणी लावली तेव्हा सासूबाईंना शब्द बरेचसे कळले आणि चाली अगदी नव्या वाटल्या, म्हणून आम्ही तीन रात्री तेच केंद्र ठेवले.

संचाविषयी थोडे. रोज तीन तास वाजवून दोन मोठे सेल साधारण दोन महिने टिकले. खाऱ्या हवेमुळे सेलच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो आणि आवाज मध्येच जातो. पॉलिश पेपरने स्प्रिंग घासून कोरड्या फडक्याने पुसली की तो पूर्ववत होतो. आवाजाचे बटण मात्र चौथ्या महिन्यापासून खरखर करू लागले आहे आणि घट्ट झाकणाचे कापडी कव्हर शिवूनही ती थांबलेली नाही.

दिवाळीनंतर मी एक सवय लावून घेतली. उद्घोषणा कानावर पडली की तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या-त्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते. संक्रांतीपर्यंत असे बावीस चौकोन भरले, त्यांतले सोळा कार्यक्रम अगदी लिहिलेल्या वेळेला लागले. महाशिवरात्रीच्या चौकोनात अजून काही लिहिलेले नाही. सासूबाई रोज सकाळी बातम्या संपल्या की विचारतात, “सांगितलं का काही?”