वृद्धाश्रमातली साथीची तयारी: कर्मचारी मुक्कामी ठेवायचे की गट पाडायचे?

2020 मध्ये कोविडच्या साथीत फ्रान्समधल्या काही वृद्धाश्रमांत कर्मचारी स्वतःहून आत मुक्कामाला राहिले. विषाणू बहुधा ये-जा करणाऱ्यांबरोबरच शिरतो, त्यामुळे दार बंद करणं प्रभावी ठरतं. पण आत जाण्याआधीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. लागण नुकतीच झाली असेल तर ती चाचणीत दिसत नाही. म्हणून काही दिवसांनी पुन्हा चाचणी, तोवर मास्क. झोपायला वेगळ्या खोल्या आणि लेखी ठरलेले विश्रांतीचे तास हवेतच. लहान मुलं घरी असलेल्यांवर सक्ती केलीत तर राजीनामे येतील. दोन-तीन आठवड्यांपुढे हे रेटणं अवघड.

गट पाडण्याची पद्धत, म्हणजे प्रत्येक मजल्याला वेगळे कर्मचारी, महिनोन् महिने चालते, पण माणसं जास्त लागतात. चोवीस तास एक माणूस हजर ठेवायचा तर आठवड्याचे 168 तास होतात; 40 तासांच्या आठवड्याने चार जणही पुरत नाहीत, रजा धरून पाच लागतात. प्रत्येक मजल्याचा गट, शौचालय आणि जेवणाची वेळ वेगळी. ही व्यवस्था हमखास फसते ती दोन ठिकाणी: चहाच्या खोलीत, जिथे सगळे मास्क काढतात, आणि रात्रपाळीत, जिथे एकच जण दोन्ही मजले सांभाळतो. आजारपणाची रजा बिनपगारी असेल तर लोक ताप लपवून कामावर येतात, हे वेगळं सांगायला नको.

लांबणाऱ्या साथीसाठी गटच बरे. मुक्काम राखून ठेवावा तो परिसरात रुग्ण झपाट्याने वाढतील तेव्हासाठी. त्याची संमतिपत्रं मात्र आधीच घेतलेली असावीत.