पॅच की कनेक्शनवर मर्यादा?

यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये काटापावत्यांचा लिनक्स सर्व्हर ऐन कापसाच्या सीझनात बंद पडला, तर गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत जाते. म्हणून ओपनएसएसएलचा, म्हणजे कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीचा, पॅच (दुरुस्तीचा अपडेट) लांबणीवर पडतो आणि फायरवॉलवर दर आयपीमागे कनेक्शनची मर्यादा घालून भागवलं जातं. हँडशेकच्या, म्हणजे कनेक्शन जुळवण्याच्या विनंत्यांच्या, भडिमाराला ती खरंच आवर घालते.

पण मार्च २०२२ मधली ओपनएसएसएलची सीव्हीई-२०२२-०७७८ ही सुरक्षा त्रुटी बघा. मुद्दाम बिघडवलेलं एकच सर्टिफिकेट (ओळखीचा डिजिटल दाखला) वाचताना वर्गमुळाचं गणित न संपणाऱ्या लूपमध्ये अडकायचं. जोडणाऱ्या संगणकाकडून असं सर्टिफिकेट स्वीकारणाऱ्या सर्व्हरला तिथे मर्यादा काय वाचवणार? ओपनएसएसएलच्या १.१.१एन किंवा ३.०.२ आवृत्तीवर जाणं हाच उपाय होता. अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट कराच, नाहीतर मेमरीत जुनीच लायब्ररी चालू राहते. रात्री काटा बंद झाल्यावर हे काम सहज उरकतं. मी आधी पॅचच टाकेन, मर्यादा त्याच्या जोडीला.